दोन थरांमधली रेघ

(वर्धा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना वर्गाबाहेर नेऊन भूगोल शिकवत असत. म्हणून आजचा विषयही मी असा घेतला आहे, की ज्याची प्रयोगशाळा या जिल्ह्याच्या जमिनीतच आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला सीक्वेन्स स्ट्रॅटिग्राफी म्हणतात. मी त्याला अनुक्रम-स्तरविज्ञान म्हणेन. गाळाच्या खडकांचे थर कोणत्या क्रमाने साचले, कुठे खंड पडला आणि तो का पडला, हे शोधण्याची ही रीत आहे. नाव जड असले तरी वर्ध्याच्या माणसाला त्यातले मूळ आधीपासून ठाऊक आहे, असे माझे म्हणणे आहे.

इथल्या कोणत्याही शेतात विहीर खोदायला घ्या. वर कापसाची काळी माती. तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला पट्टा. मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे पोकळ्यांनी भरलेला खडक, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. आणि कधीकधी दोन पाषाणांच्या मधोमध हात-दीड हात जाडीचा लालभडक पट्टा, ज्याला आपण गेरू म्हणतो. विहीर खोदणाऱ्याला त्याचे एवढेच महत्त्व, की तिथे पहार सोपी जाते. भूवैज्ञानिकाला मात्र तो पट्टा सगळ्या विहिरीतला सर्वांत बोलका भाग वाटतो. खालचा पाषाण म्हणजे लाव्हारसाचा एक ओघ आणि वरचा म्हणजे दुसरा. पहिला ओघ थंड झाला, त्याच्यावर ऊनपाऊस झाला, माथा कुजून लाल झाला, आणि त्यानंतर दुसरा ओघ आला. दहा मीटरचा पाषाण ओतला जायला फार काळ लागत नाही. त्याच्या माथ्यावरच्या लाल पट्ट्याला मात्र त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. खडकाची जाडी म्हणजे काळ असे समजून विहिरीची भिंत वाचली, तर हिशेब पार चुकतो.

आज मला जे सांगायचे आहे ते याच लाल पट्ट्याभोवती फिरते. थर मोजण्याआधी थरांमधल्या रेघा ओळखाव्यात. एखादी रेघ नुसतीच दोन खडकांची सीमा असते. एखादी मात्र लाखो किंवा कोट्यवधी वर्षांचे काहीच न साचणे, झिजणे, वाहून जाणे दाखवते. अशा दुसऱ्या प्रकारच्या रेघेला आपल्या पाठ्यपुस्तकांत विसंगती म्हणतात. दोन विसंगतींच्या मध्ये एकमेकांशी नाते असलेल्या थरांचा जो गठ्ठा सापडतो, तो एक अनुक्रम.

ही कल्पना अमेरिकेत लॉरेन्स स्लॉस यांनी १९४९ साली सहकाऱ्यांसह मांडली आणि १९६३ साली उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातील खडकांचे सहा मोठे अनुक्रम दाखवले. त्यांच्याच विद्यापीठात शिकलेले पीटर व्हेल पुढे एक्सॉन या तेल कंपनीच्या संशोधन विभागात गेले. तिथे भूकंपीय लहरींनी टिपलेली समुद्रतळाखालची चित्रे त्यांच्या हाताशी होती. त्या चित्रांत थर एकमेकांवर कसे टेकतात, कुठे छाटले जातात, कुठे समुद्राकडे सरकत जातात, हे सलग दिसे. १९७७ साली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम ग्रंथरूपाने बाहेर आले, आणि जगभर गाळाचे खडक वाचण्याची पद्धत बदलली. १९८७ साली बिलाल हक, यान हार्डेनबोल आणि व्हेल यांनी समुद्रपातळीच्या चढउताराचा जागतिक आलेख छापला. तो आलेख प्रयोगशाळांच्या भिंतींवर लागला. त्याचा एक तोटाही झाला, त्याच्याकडे मी नंतर येतो.

मूळ तत्त्व मात्र फार थोड्या शब्दांत मावते. गाळ साचायला जागा लागते. ही जागा जमीन खचल्याने वाढते, पाण्याची पातळी चढल्याने वाढते. जमीन उचलली गेली किंवा पाणी उतरले की कमी होते. नदी किती गाळ आणते हा दुसरा भाग. जागा जास्त आणि गाळ कमी असेल तर पाणी जमिनीवर चढत येते, किनारा आत सरकतो. गाळ जास्त आणि जागा कमी असेल तर किनारा पाण्यात पुढे सरकतो. आणि जागाच उरली नाही, पातळी खाली गेली, तर नदी साचवण्याऐवजी स्वतःचाच जुना गाळ कापू लागते. त्या कापलेल्या पृष्ठावर पुढे जो गाळ बसतो, तिथे नवा अनुक्रम सुरू होतो. नदी ज्या पातळीपर्यंत कापू शकते तिला आधारपातळी म्हणतात. तीच खरी सूत्रधार.

हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही. ते पाहावे लागते, आणि पाहायला समुद्र लागत नाही. आपल्याकडे बोर नदीवर धरण आहे, धाम नदीवर धरण आहे. बोर जलाशयाचा परिसर व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे परवानगीशिवाय जाऊ नका. पण गावाजवळचा मोठा पाझर तलावही या कामाला पुरतो. जिथून ओढा तलावात शिरतो त्या टोकाला जा. सप्टेंबर-ऑक्टोबरात तलाव काठोकाठ असतो. पावसाळाभर ओढ्याने आणलेला गाळ तोंडाशीच पडलेला असतो, जाड वाळू अलीकडे आणि बारीक चिखल पलीकडे. तिथे एक छोटा त्रिभुज प्रदेश तयार झालेला दिसेल. मग रब्बीला पाणी सुटते. पातळी उतरू लागते. काठावर एकाखाली एक पाणरेषा उमटतात, चिखल उघडा पडतो, तडकतो, त्यावर गवत उगवते. मे महिन्यात तलावाचा तळ दिसतो. या सगळ्या काळात ओढा कोरडा असल्याने नवीन काहीच साचत नाही. तडकलेला, मुळे शिरलेला तो पृष्ठभाग ही आपली रेघ.

आता जूनचा पहिला जोराचा पाऊस. तलाव अजून खाली आणि ओढ्याला पूर. हा क्षण चुकवू नका. पुराचे पाणी गेल्या वर्षीच्या गाळातून नाला कोरत जाते, तो गाळ उचलते आणि तलावाच्या तळाशी, बऱ्याच आत नेऊन टाकते. तलाव भरू लागला की त्या कोरलेल्या नाल्यात आधी जाड वाळू भरते, मग पाणी वर सरकते आणि वाळूवर बारीक चिखल बसतो. पाणी जेव्हा सर्वांत आतपर्यंत पोचलेले असते, तेव्हाचा चिखलाचा पातळ थर सर्वांत दूरवर सलग सापडतो. त्याच्यावर पुन्हा ओढा आपला गाळ पुढे ढकलू लागतो. चार महिन्यांत तुम्ही एक संपूर्ण अनुक्रम पाहिलेला असतो: नीच पातळीचा गाळ, अतिक्रमणाचा गाळ, कमाल जलव्याप्तीचे पृष्ठ आणि उच्च पातळीचा गाळ. पुस्तकातल्या नावांना आता चेहरे मिळतात. पुढच्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायला यंत्र येते, तेव्हा त्या खड्ड्याच्या भिंतीत मागच्या काही वर्षांच्या रेघा मोजा. मी पाहिलेल्या कोणत्याही आकृतीपेक्षा ती भिंत चांगली शिकवते.

इथून आपण वर्धा नदीच्या काठाने खाली जाऊ. आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे. पण दक्षिणेला, चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत, हे पांघरूण सरते आणि खालचे गाळाचे खडक उघडे पडतात. जगभरच्या भूवैज्ञानिकांना आपल्या नदीचे नाव त्यांच्यामुळेच माहीत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या थिओडोर ह्यूज यांनी १८७७ साली वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वे गेली ती याच कोळशासाठी.

पण कोळशाआधी एक जागा सांगायलाच हवी. चंद्रपूरच्या नैऋत्येला, पैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमाच्या परिसरात इरई नावाचे गाव आहे. १८७०च्या दशकात फ्रान्सिस फेडन यांना तिथे एक विलक्षण पृष्ठ सापडले. प्राचीन चुनखडकाचा तळ घासून गुळगुळीत झालेला, त्यावर समांतर ओरखडे, आणि वर तालचेर गटाचा, लहानमोठ्या धोंड्यांनी भरलेला थर. हे ओरखडे बर्फाचे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता, आणि आज मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांपुढे जातो तिथून हिमनदी सरकत होती. खालचा चुनखडक आणि वरचे धोंडे यांच्यामधली रेघ बोटभरही जाड नाही. पण तिच्यात ५० कोटी वर्षांहून अधिक काळ हरवलेला आहे. आपल्या काळ्या पाषाणाच्या जन्मापासून आजपर्यंत लोटलेल्या काळाच्या सात-आठपट काळ एका रेघेत. विदर्भातल्या भूविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी या परिसराचे दर्शन घ्यावे असे मला मनापासून वाटते.

बर्फ वितळला. जमीन लांबट पट्ट्यांत खचू लागली. अशाच खचलेल्या पट्ट्यात, प्राणहिता-गोदावरी खोऱ्याच्या वायव्य टोकाला, आपला कोळसा साचला. बराकर गटाचे खडक उघड्या खाणीच्या भिंतीत पाहिले तर एक लय दिसते. तळाशी भरड वालुकाश्म, खालचा थर खरवडून बसलेला. वर बारीक वालुकाश्म, मग शेल, मग कोळसा. पुन्हा भरड वालुकाश्म. माजरी, वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात काम करणाऱ्या कामगारांना ही लय तोंडपाठ असते. चालताना कोळशाची सीम, म्हणजे कोळशाचा थर, अचानक पातळ होऊन वालुकाश्मात नाहीशी झाली की ते वॉशआउट आला असे म्हणतात. म्हणजे जुन्या नदीने तिथून दलदल कापून नेली.

कोळसा होण्याची अट फार नाजूक आहे. दलदलीत झाडपाला साचतो. त्याच्या साचण्याचा वेग आणि पाणीपातळी वर जाण्याचा वेग जवळजवळ सारखा हवा. पाणी हळू चढले तर पाला उघडा पडून कुजतो, जळतो, वाहून जातो. पाणी फार वेगाने चढले तर दलदल बुडते आणि तिच्यावर चिखल बसतो. जाड सीम म्हणजे दीर्घकाळ टिकलेला हा तोल. एखादी जाड सीम एका दिशेने जाताना फुटून दोन-तीन पातळ सीम होतात आणि मध्ये शेलचे पडदे येतात, त्याचाही अर्थ लागतो: त्या बाजूला जमीन अधिक वेगाने खचत होती. खाणकामाचा आराखडा करणाऱ्यासाठी ही निव्वळ पुस्तकी गोष्ट नाही. दोन बोअरहोलमधल्या कोणत्या सीमा एकमेकींशी जोडायच्या, हा कोट्यवधी रुपयांचा प्रश्न असतो. वालुकाश्माला वालुकाश्म जोडत गेलो तर हमखास चुकतो, कारण नदीची वाळू काही अंतरावर संपते. दूरवर जोडता येते ती रेघ. पूर्वीची माती, मुळांच्या खुणा असलेला थर, सर्वदूर पसरलेला चिखल: खुंटे यांच्यावर ठोकायचे.

आता त्या तोट्याकडे येतो. जागतिक आलेख हाती आल्यापासून अनेक अभ्यासक प्रत्येक रेघेचे कारण समुद्रात शोधू लागले. खाली एक विसंगती दिसली की आलेखातली जवळची घसरण शोधायची आणि जोडून मोकळे व्हायचे. कॅनडाचे अँड्र्यू मायॉल यांनी १९९२ साली दाखवून दिले, की आलेखावर इतक्या घटना आहेत की यदृच्छेने तयार केलेली घटनांची यादीही त्याच्याशी बऱ्याच अंशी जुळते. तालचेर-बराकरसारख्या आपल्या गोंडवनी खडकांबाबत हा धोका दुप्पट आहे. भारतातल्या काही कोळसाक्षेत्रांत बराकरच्या वाळूत भरती-ओहोटीच्या खुणा अभ्यासकांनी दाखवल्या आहेत, मध्य प्रदेशात उमरियाला सागरी जीवाश्मांचा थरही आहे. पण तेवढ्यावरून वर्धा खोऱ्यातली प्रत्येक रेघ समुद्राच्या नावावर लिहिता येत नाही. इथे आधारपातळी मुख्यतः जमिनीच्या खचण्याने ठरली. विद्यार्थ्यांना माझा आग्रह असा, की आधी रेघ दाखवा, ती किती दूर जाते ते दाखवा, आणि मगच कारण बोला.

समुद्राची बाजू जिथे खरोखर लागू पडते ते ठिकाणही महाराष्ट्रातच आहे. १९७४ साली मुंबई हायचे तेल सापडले. तिथल्या समुद्रतळाखालच्या खडकगटांची नावे वाचली तर लोकलच्या स्थानकांची आणि कोकणातल्या गावांची आठवण येते: बेसीन, अलिबाग, पनवेल, रत्नागिरी, वांद्रे, माहीम, चिंचिणी. तिथल्या मुख्य तेलधारक चुनखडकाचे मोल एका रेघेने ठरवले आहे. समुद्र मागे हटून चुनखडक उघडा पडला, पावसाच्या पाण्याने त्याला छिद्रे पाडली, आणि पुढे त्याच छिद्रांत तेल साठले. अलीकडचा पुरावाही आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होता. मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली खैराच्या झाडांचे बुंधे सापडले होते. ते समुद्र आणि जमीन यांच्या पातळ्या बदलत राहिल्याचे साक्षीदार आहेत.

पुन्हा घरी येऊ, कारण माझ्या मते या विषयातली सर्वांत वेगळी गोष्ट इथेच शिकायला मिळते. वर्धा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेवर, काळ्या पाषाणाच्या लगेच खाली, लमेटा गटाचे खडक आहेत. या भागाला नंद-डोंगरगाव खोरे म्हणतात. वरोऱ्याजवळचे पिसदुरा आणि डोंगरगाव तुम्ही ऐकले असेल. डोंगरगावला १९८०च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पथकाने महाकाय शाकाहारी डायनासोरचा सांगाडा काढला. आज त्याला इसिसॉरस म्हणतात. पिसदुऱ्याच्या जीवाश्म-विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे २००५ साली वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, आणि गवताचा इतिहास कितीतरी मागे गेला. हाडांकडे सगळे पाहतात. मी विद्यार्थ्यांना त्यांच्या भोवतालच्या लाल-हिरव्या चिकणमातीकडे पाहायला सांगतो. तिच्यात चुनखडीच्या गाठी आहेत, तुमच्या शेतात नांगराला लागतात तशाच. चुनखडीची गाठ म्हणजे जमीन दीर्घकाळ उघडी राहिल्याची, पाऊस कमी आणि ऊन जास्त असल्याची खूण. या गाठींचे पट्टे म्हणजे लमेटातल्या रेघा. हाड कोणत्या रेघेच्या वर आणि कोणत्या रेघेच्या खाली सापडले याची नोंद नसेल, तर ते हाड अर्धे मुके होते.

लमेटावर लाव्हा आला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. एक ओघ पसरला की ओढ्यानाल्यांच्या वाटा अडत, पाणी तुंबे, तळी होत. तळ्यात गाळ बसे, काठावर झाडे वाढत. मग पुढचा ओघ येऊन सगळे झाकून टाके. हे झाले आंतरपाषाणी थर. आपल्या जिल्ह्यात नवरगावच्या परिसरात अशा थरांतली अश्मीभूत लाकडे सापडली आहेत. १९८२ साली शेटे आणि कुलकर्णी यांनी वर्धा जिल्ह्यातल्या अशा लाकडांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुस्तकातल्या साच्यात आधारपातळी समुद्र उचलतो. इथे ती लाव्हाने उचलली. बराकरमध्ये ती जमिनीच्या खचण्याने ठरली, तालचेरमध्ये बर्फाने, आणि आज बोर-धामच्या काठी माणसाच्या भिंतीने. एकाच जिल्ह्याच्या आसपास एकच तत्त्व इतक्या वेगवेगळ्या कारणांनी चालताना दिसते. समुद्रकिनाऱ्यावर शिकणाऱ्याला हे सहज मिळत नाही. म्हणून वर्ध्याचा विद्यार्थी या विषयात मागे आहे असे कुणी म्हटले तर मला ते मान्य नाही.

थोडे गिरडविषयी, कारण तिथल्या दगडांविषयी मला दरवेळी विचारले जाते. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्याजवळ सुपारी-जायफळासारखे दगड मिळतात. फेरीवाल्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा माल दगड झाला, ही कथा जुन्या गॅझेटियरमध्येही आहे. ते दगड पाषाणाच्या पोकळ्यांत पाण्याने जमवलेल्या झिओलाइट खनिजांचे आहेत. आपण मांजऱ्या म्हणतो त्या खडकातलेच. कथा श्रद्धेने ऐकावी, दगड जागेवरच राहू द्यावेत, आणि पोकळी आधी की भरण आधी हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारावा. घटनांचा क्रम लावण्याची सवय तिथूनही लागते.

शिकायचे कसे? टेप, होकायंत्र, भिंग, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली आणि आलेख वही. दिवसभरात एकच भिंत घ्या. तळापासून माथ्यापर्यंत प्रत्येक थराची जाडी, कणांचा आकार, रंग, रचना लिहा. दोन थरांच्या सीमेपाशी अधिक वेळ थांबा. सीमा सपाट आहे की खरवडलेली, वरच्या थरात खालच्याचे तुकडे आहेत का, मुळे आहेत का, चुनखडी आहे का. मग त्याच रेघेच्या मागे आडवे चालत जा. योहानेस वाल्थर यांनी १८९४ साली सांगितलेला नियम इथे कामाला येतो: जे थर अखंडपणे एकावर एक सापडतात, ते एके काळी शेजारी-शेजारी साचत होते. अट अखंडपणाची आहे. मध्ये विसंगतीची रेघ असेल तर नियम तिथे थांबतो, आणि नियम कुठे थांबतो हे ओळखणारा विद्यार्थीच पुढे जातो. संगणकावर भूकंपीय चित्र रंगवायला नंतर दोन महिन्यांत शिकता येते.

शेवटी एक मागणे. उघड्या खाणीची भिंत आज दिसते, उद्या तिच्यावर ओव्हरबर्डन, म्हणजे उपसलेला माती-दगड, टाकले जाते. महामार्गासाठी कापलेली टेकडी दोन पावसाळ्यांत झाडोऱ्याने झाकते. विहिरीला सिमेंटच्या कड्या बसतात आणि गेरूचा पट्टा कायमचा दिसेनासा होतो. बोअरहोलचे कोअर, म्हणजे त्यातून काढलेले खडकाचे नमुने, वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहतात आणि पेट्या कुजल्या की कोणता तुकडा कुठला हे सांगता येत नाही. नागपूरला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मोठे कार्यालय आहे, विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग आहे, वेस्टर्न कोलफिल्ड्सचे मुख्यालय आहे. खाणीची भिंत झाकण्याआधी विद्यार्थ्यांना एक दिवस नोंदीसाठी मिळावा आणि जुने कोअर महाविद्यालयांना अभ्यासासाठी खुले व्हावेत, अशी माझी या सर्वांना जाहीर विनंती आहे. आणि तुम्हा विद्यार्थ्यांना: तुमच्या गावात या उन्हाळ्यात जी विहीर खोदली जाईल, तिच्या भिंतीचा मोजमापासह आलेख काढा, त्यावर गावाचे नाव आणि तारीख घाला, आणि त्याची एक प्रत आपल्या महाविद्यालयात जमा करा. कड्या बसण्याआधी.